वहिवाटीची वाट

युसूफ वडगाव
१६ फेब्रुवारी २०२४

विजयमालावहिनी, नमस्कार.

पाकिटावर तुमचं नाव लिहिताना हात अडला. आजवर आमच्या घरच्या पत्रिकांवर तुम्हा दोघांची नावं मीच लिहीत आलो. आज ‘सौ.’ खोडून ‘श्रीमती’ लिहावं लागलं.

राधाकिशन गेल्याचं मला रविवारी दुपारी कळलं. लगेच फोन केला, तो तुमच्या तेजश्रीनं उचलला. आई तुमच्याशी बोलणार नाही, असं तिनं नीट शब्दांत सांगितलं. लेकीचं काही चुकलं नाही. म्हणून हे पत्र बजरंगच्या हाती पाठवतोय. तो माझ्याकडचा जुना माणूस आहे, तुम्ही त्याला ओळखता.

तालुक्याला आता एवढंच माहीत आहे, की गीताबाईच्या रस्त्याच्या दाव्यात राधाकिशन तिचा वकील होता आणि मी प्रतिवादी. पण अंबाजोगाईला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो, एका कंदिलावर अभ्यास केला. मेसची डाळ म्हणजे नुसतं पिवळं पाणी. एकदा रेक्टर जेवायला आले आणि काही तक्रार आहे का म्हणून विचारलं. सगळे माना खाली घालून बसले. राधाकिशन उभा राहिला. म्हणाला, “सर, डाळीचा खून झालाय. पंचनामा करायचाय, पण प्रेत सापडत न्हाई.” डाळ दुसऱ्या दिवशी घट्ट झाली आणि राधाकिशनला शिक्षा म्हणून महिनाभर वाढायला लावलं. हा किस्सा मी शंभर जणांना सांगितला असेल. पण त्या महिन्यात तो सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाशी उरेल तेवढंच स्वतःच्या ताटात घ्यायचा, हे मी कुणाला सांगितलं नाही. आज आठवलं.

मला तेराव्याला यायचं आहे. चार शब्द बोलायचे आहेत. पुढं मार्केट यार्डच्या सभागृहात तालुक्याची शोकसभा घ्यावी असाही विचार आहे. तुमची परवानगी असावी.

तुमचा,
अर्जुन गलांडे


केज
१९ फेब्रुवारी २०२४

अर्जुनराव,

पत्र पोचलं. यापुढं माणसाच्या हाती पाठवू नका. तुमची पांढरी जीप दारात थांबली की सगळी गल्ली बाहेर येते. पोस्ट अजून चालू आहे.

तेराव्याला येऊ नका. शोकसभाही घेऊ नका.

गेले काही दिवस माझ्या घरात शोकसभाच चालू आहे. येणारा माणूस पाया पडतो, पाणी पितो आणि ह्यांचा एक किस्सा सांगतो. मग सगळे हसतात, मग डोळे पुसतात. मी आत बसून ऐकते. बाहेर ज्याला लोक हसरा म्हणतात तो माणूस खटला हरला की अंगणातल्या बाजेवर पालथा पडून राहायचा, हे त्यांतल्या कुणालाच माहीत नाही. घरात हे फार कमी बोलायचे. सगळं बोलणं कोर्टात संपलेलं असायचं.

दिलदार होते, असंही सगळे म्हणतात. होते. तारखेच्या दिवशी लांबून आलेली माणसं हे सरळ घरी घेऊन यायचे. उमापूरचा असो की कड्याचा, आपला पक्षकार असो की समोरचा, सगळे एका पंगतीत. मी एकदा म्हटलं, ज्यांच्या विरुद्ध भांडता त्यांना कशाला जेवू घालता? तर म्हणाले, “उपाशी माणूस लवकर तडजोड करतो, विजू. मग माझा धंदा कसा चालायचा?” सगळी पंगत हसली. मी चुलीकडं गेले, कारण अजून बऱ्याच भाकरी व्हायच्या होत्या. ह्यांचा दिलदारपणा माझ्या तव्यावर भाजला जायचा, अर्जुनराव. हे कुठल्या भाषणात येणार नाही.

आता तुमचं. सहा तारखेला गीताबाईच्या दाव्यात शेवटचा युक्तिवाद होता. ह्यांच्या छातीत दोन दिवस दुखत होतं. जाऊ नका म्हटलं. म्हणाले, ती बाई ऊसतोडीचा कोयता खाली ठेवून कारखान्यावरून फक्त आजच्यासाठी आली आहे. गेले. तुमच्या वकिलानं पुन्हा पुढची तारीख मागितली आणि ती मिळाली. दुपारी घरी आले, कोट काढला आणि बाजेवर पालथे पडले. त्या रविवारी गेले.

तुमच्या तारखेनं ते गेले असं मी म्हणत नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण तुम्ही दारात आलात तर मला तोच कोट दिसेल.

विजयमाला इतापे


युसूफ वडगाव
४ मार्च २०२४

विजयमालावहिनी, नमस्कार.

तेराव्याला आलो नाही. गावाच्या वेशीपर्यंत जीप आली होती, तिथून परत फिरवली. सभाही घेणार नाही.

तुमचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. मी आयुष्यभर राजकारण केलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण असं कुणी लिहिलं नव्हतं. तारखा वकील मागतो, पक्षकार नाही. राधाकिशनच्या छातीत दुखत होतं हे मला कुणी सांगितलं असतं, तर मी स्वतः वकिलाला थांबवलं असतं. यावर विश्वास ठेवायचा की नाही, तुम्ही ठरवा.

पण हा दावा इतकी वर्षं का ताणला, हे एकदा तुमच्यापुढं मांडतो. रस्ता म्हणाल तर बैलगाडीपुरती पट्टी. माझ्या मोसंबीच्या बागेतून गीताबाईच्या वावरात जाणारी. बाग लावली तेव्हा कुंपण घातलं, फाटक बसवलं. ती ओढ्यातून वळसा घालून जाऊ लागली आणि पावसाळ्यात ओढा भरला की तिची पेरणी चुकू लागली. हे मला दिसत नव्हतं असं नाही. राधाकिशननं दावा लावला तेव्हाही मला राग आला नव्हता. वकील म्हटल्यावर लावणारच.

राग आला तो उलटतपासणीत. मी पिंजऱ्यात उभा राहून म्हणालो होतो, तिथं वहिवाटीचा रस्ता कधीच नव्हता. वकिलानं पढवलेलं वाक्य. राधाकिशन उठला, चष्मा पुसला आणि विचारलं, “तुमच्या लग्नात नवरी कोणत्या वाटेनं आली?” मी म्हणालो, आठवत नाही. तेव्हा तो न्यायाधीशांकडं वळला. “साहेब, नोंद व्हावी. नवरी आली हे साक्षीदाराला मान्य आहे, वाट मान्य न्हाई. म्हंजी नवरी आभाळातून आली.”

सगळं कोर्ट हसलं. माझा स्वतःचा वकील हसला. न्यायाधीशांनी मान खाली घालून काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

वहिनी, सरस्वती जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती नवरी म्हणून त्याच वाटेनं आली होती आणि राधाकिशन त्या वरातीत होता. त्याला सगळं माहीत होतं. तरी त्यानं तिला कोर्टात हसण्यावारी आणली. संध्याकाळपर्यंत हे वाक्य चहाच्या टपरीवर पोचलं होतं. आजही कुणी गंमत केली की लोक म्हणतात, आभाळातून आली.

त्या दिवसापासून मी ठरवलं, की आता हा रस्ता माझ्या हयातीत मिळणार नाही. पण मनात एक होतं. तो आला असता, ओट्यावर बसला असता आणि ‘चुकलं बे अर्जुन’ एवढं म्हणाला असता, तर त्याच पावली फाटक काढलं असतं. मी वाट बघितली. तो आला नाही.

अर्जुन


केज
९ एप्रिल २०२४

अर्जुनराव,

आज पाडवा. दारोदार गुढ्या आहेत, आमच्याकडं नाही. घर शांत आहे, म्हणून लिहायला बसले. तुमचं पत्र महिनाभर देव्हाऱ्याजवळ पडून होतं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्यात एक गोष्ट चुकीची आहे. ती तशीच राहिली तर ह्यांच्यावर अन्याय होईल.

ते आले होते.

त्या उलटतपासणीच्या दिवशी हे घरी आले ते जेवलेच नाहीत. मला वाटलं, काम हरले. विचारलं, तर म्हणाले, “विजू, आज मी एक वाक्य जास्त बोललो.” मग मला सगळं सांगितलं. वाक्य तोंडातून निघालं, कोर्ट हसलं आणि त्या हसण्यात ह्यांना तुमचा चेहरा दिसला. तेव्हा कुठं सरस्वतीबाईंची आठवण झाली. म्हणाले, जीभ पुढं पळाली, मी मागं राहिलो. इतक्या वर्षांत ह्यांनी एखादं वाक्य परत घ्यायची इच्छा बोलून दाखवली ती तेवढीच.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं तुमच्या गावाला गेले. अंगात कोट नव्हता, साधा सदरा होता. तुमच्या ओट्यावर बसले. बजरंगनं चहा आणून दिला आणि साहेब बीडला गेलेत म्हणाला. दारात तुमच्या चपला होत्या. ह्यांनी चहा पूर्ण प्याला आणि परत आले. मी विचारलं, भेट झाली का? म्हणाले, “चपलांची झाली.” हे सांगताना हसले नाहीत. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. काढला असता तर मी म्हणाले असते की आणखी एकदा जा. म्हणूनच काढला नसेल.

आता दुसरं सांगते. ते तुमच्यासाठी नाही, पण कुणाला तरी सांगावंसं वाटतं.

ह्यांची कामं मी एकेका पक्षकाराला परत देत होते, दुसरा वकील बघा म्हणून. मार्चच्या शेवटी पट्टा पडला, ऊसतोडीचा हंगाम संपला आणि गीताबाई कारखान्यावरून आली. डोक्यावर बोचकं तसंच. घरी न जाता सरळ इथं. मी तिची कागदपत्रं पुढं केली. तिनं हात लावला नाही. म्हणाली, “वैनी, मयतीला यायला न्हाई जमलं. मुकादमानं न्हाई सोडलं. तुमी जेवला का?”

मी म्हटलं, भूक नाही.

ती उठली, चुलीपुढं बसली, पीठ कुठं आहे ते विचारलंसुद्धा नाही. तिला माहीत होतं. इतक्या तारखांना ती माझ्या मागं बसून बघत होती ना. दोन भाकरी केल्या, ठेचा वाटला आणि ताट माझ्यापुढं सरकवलं. “लई खाल्लं तुमच्या हातचं. आता तुमी खावा.” ह्या घरात सून म्हणून आल्यापासून कुणी मला बसवून गरम भाकरी वाढल्याचं मला आठवत नाही. मी ह्यांच्यासाठी रडले नव्हते, अर्जुनराव. त्या ताटावर रडले.

तुम्हाला मागच्या पत्रात तव्याचं लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. पण ती माणसं नुसती जेवून जात नव्हती, हेही आता खरं वाटतं.

गीताबाईचं काम मनिषा जोगदंड बघणार आहे. ह्यांच्या हाताखाली होती, अजून नवी आहे. सुट्टीनंतर जूनमध्ये तारीख आहे. मी तुमच्याकडं काही मागत नाही. माहीत असावं म्हणून कळवलं.

विजयमाला


युसूफ वडगाव
२७ जून २०२४

विजयमालावहिनी, नमस्कार.

तुमचं एप्रिलचं पत्र वाचून मी बजरंगला हाक मारली. विचारलं, राधाकिशन वकील कधी आपल्याकडं आले होते का? तो म्हणाला, आलते की. मग मला का नाही सांगितलं? तो म्हणाला, “मालक, तुमीच म्हणलाता, वकील आला तर मी घरी न्हाई म्हणून सांग.”

मी म्हणालो असेन, वहिनी. त्या आठवड्यात मी रागात काय काय बोललो, ते माझ्या ध्यानातही राहिलं नाही. बजरंगच्या मात्र राहिलं. मी आत पडून होतो आणि राधाकिशन बाहेर चहा पीत होता. नंतर इतकी वर्षं मी त्याची वाट बघत बसलो.

यावर काय लिहावं ते मला सुचलं नाही, म्हणून उत्तर दिलं नाही. जूनच्या तारखेची वाट बघितली.

तारखेला गेलो. मनिषा जोगदंड कागद घेऊन उभी होती. गीताबाई मागच्या बाकावर. माझ्या वकिलाला बाहेरच सांगितलं होतं की आज तारीख मागायची नाही, तडजोड लिहून द्यायची. रस्ता पूर्ववत. तो म्हणाला, निदान बैलगाडीपुरताच देऊ, ट्रॅक्टर नको, नाहीतर झाडांच्या दोन ओळी जातील. मी म्हणालो, जाऊ द्या. न्यायाधीश नवे आहेत. त्यांनी विचारलं, कुणाच्या दबावाखाली लिहून देत नाही ना? सोपा प्रश्न होता. पण मी आधी मागच्या बाकावरच्या गीताबाईकडं बघितलं. शेवटी नाही म्हणालो.

मग त्यांनी गीताबाईला विचारलं, बाई, मान्य आहे का? ती म्हणाली, “कागदावर मान्य हाय, साहेब. मातीवर कवा?”

मी उठून सांगितलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी फाटक काढलं. मोसंबीच्या दोन ओळी तोडाव्या लागल्या. झाडं फळाला आलेली होती. माझा मुलगा युवराज तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बाग त्यानं लेकरासारखी वाढवली आहे, त्याचा राग खोटा नाही. परवा भावकीतले दोघं येऊन म्हणाले, म्हातारपणी बुद्धी फिरली. फिरली असेल.

झाडं निघाल्यावर वाट उघडी पडली आणि तिथं बांधावर बसलो असताना एक आठवलं. आमच्या वरातीला ह्याच वाटेवर, ओढ्याकडच्या उतारावर, नवरीची गाडी रुतली होती. बैल पुढं जाईनात. वऱ्हाडी नवे कपडे सांभाळत कडेला उभे राहिले. राधाकिशन एकटा चिखलात उतरला आणि चाकाला खांदा लावला. गाडी निघाली. त्याचा पांढरा सदरा छातीपर्यंत बरबटला. सरस्वतीनं पदराआडून विचारलं होतं, हे कोण? पुढं कितीतरी वर्षं ती त्याला ‘चिखलवाले भाऊजी’ म्हणायची.

त्यानं कोर्टात वाट विचारली तेव्हा मी म्हणालो, आठवत नाही. त्याला मात्र आठवत असणार. मला वाटत होतं तो सरस्वतीला हसला. तो कदाचित मला आठवण करून देत होता आणि त्याची जीभ, तुम्ही लिहिलं तशी, पुढं पळाली. आता विचारायचं कुणाला?

हे मी तुमच्या सांगण्यावरून केलं असं समजू नका. तुम्ही काही मागितलं नव्हतं, तसं लिहिलंही होतं. आणि माझ्या हातून फार मोठं काही झालं असंही मला वाटत नाही. जे द्यायचं होतं ते तो असताना द्यायला हवं होतं.

अर्जुन


केज
१५ जुलै २०२४

अर्जुनराव,

नमस्कार.

काल मी तुमच्या शिवारात आले होते, ते तुम्ही बघितलंच. कशी आले ते सांगते.

परवा गीताबाई आली आणि म्हणाली, वापसा झालाय, पेरायचंय, तुमी चला. मी म्हटलं, मला शेतातलं काय कळतंय? ती म्हणाली, “वकीलसाब एकदा तरी बघायला येतो म्हणलते. ते न्हाई आले. मग तुमी कावून न्हाई येत?” मी निघाले. एस.टी.नं वडगावला उतरलो आणि तिथून चालत.

मी ह्या घरात जन्म काढला, पण ज्या जमिनींसाठी हे भांडले त्यातली एकही डोळ्यांनी बघितली नव्हती. गट नंबर, बांध, चतुःसीमा हे शब्द भाकरी थापताना कानावर पडायचे. ते शब्द म्हणजे अशी काळी ढेकळं, अशी बाभळ, ओढ्याच्या काठाला असा वारा, हे काल कळलं. वाट अरुंद आहे. तोडलेल्या झाडांची खोडं अजून ओली होती. तुमच्या युवराजला वाईट वाटलं असणार, ते बघून मलाही वाटलं. त्याला सांगा, असं मी म्हणाले.

गीताबाईच्या जावेनं औत धरलं होतं. कपाशीच्या मधल्या ओळीला तूर टाकायची होती. गीताबाईनं माझी ओटी धरून त्यात बी ओतलं आणि म्हणाली, पयली मूठ तुमी धरा. मला चाड्यात, त्या पेरणीच्या नरसाळ्यात, बी सोडता येईना. कधी ढीग पडायचा, कधी मोकळंच जायचं. जावेनं औत तसंच चालू ठेवलं. एक तास, म्हणजे रानाची एक ओळ, झाला, वळलो, दुसरा लागला. मग हाताला अंदाज आला. मी ह्यांचा विचार करत नव्हते. बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा करत नव्हते. फक्त बी कुठं पडतंय ते बघत होते.

तेव्हा तुम्ही पलीकडच्या बांधावर दिसलात. काठी होती. तुम्ही खूप थकलात, अर्जुनराव. पूर्वी तुम्हाला कोर्टाच्या पायऱ्या चढताना बघितलं होतं, तसे राहिला नाहीत. तुम्ही उठून उभे राहिलात आणि हात जोडले. थोडा वेळ तसेच थांबलात. मी नुसती बघत राहिले. मग तुम्ही काठी उचलली आणि बागेकडं निघून गेलात.

घरी आल्यापासून मनाला लागून राहिलं आहे. मी मुद्दाम केलं असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नव्हतं. माझ्या दोन्ही मुठींत तूर होती, ती खाली सांडली असती. म्हणून हात जोडता आले नाहीत. एवढंच सांगायला हे पत्र.

विजयमाला